बंगळूरचे धनी आणि त्यांच्या समाध्या

बंगळूर शहराच्या दक्षिणेस बेगूर नावाचे जुने गाव आहे. आता ते शहराच्या पोटात सामावले आहे. तेथील नागेश्वर मंदिराच्या आवारात हळे कन्नडमधील एक शिलालेख आहे. अभ्यासकांनी त्याचा काळ इसवी सन 890च्या सुमाराचा ठरवला आहे. ‘बंगळूर’ या नावाचा आज ज्ञात असलेला सर्वांत जुना उल्लेख याच शिळेवर सापडतो. हा उल्लेख एखाद्या राजाच्या प्रशस्तीत किंवा दानपत्रात आलेला नाही. बंगळूरच्या लढाईत पडलेल्या एका माणसाच्या स्मरणार्थ ती शिळा उभी केली गेली. या शहराच्या नावाची पहिली नोंद अशी एका मृताच्या स्मारकावर झाली.

अशा शिळेला मराठीत ‘वीरगळ’ म्हणतात. हा शब्द मूळचा कन्नड. ‘वीर’ आणि ‘कल्लु’ म्हणजे दगड, यांच्या जोडणीतून तो तयार झाला आणि सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना रुळला. कोल्हापूर, सातारा, सोलापूर या भागांतील गावोगावच्या देवळांबाहेर जे वीरगळ दिसतात, त्यांची परंपरा आणि बेगूरच्या शिळेची परंपरा एकच आहे. मेलेल्या माणसाची आठवण दगडात ठेवण्याची रीत दोन्ही भाषांनी एकमेकींच्या शेजारी राहून जोपासली.

ज्या शहराचे नावच स्मारकशिळेवर प्रथम उमटले, त्या शहराच्या राज्यकर्त्यांची स्मारके त्याच शहरात असतील, अशी कोणाचीही समजूत होईल. प्रत्यक्षात बंगळूर वसवणारा, त्याची जहागीर सांभाळणारा, त्याचा किल्ला दगडी करणारा आणि त्याला राज्यकारभाराचे केंद्र बनवणारा, यांपैकी एकाचीही समाधी किंवा कबर या शहरात नाही. त्यांतील एक पुरुष मराठी वाचकाला विशेष जवळचा आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचे वडील शहाजीराजे भोसले यांच्याकडे सुमारे 26 वर्षे बंगळूरची जहागीर होती. त्यांची समाधी मात्र येथून सुमारे अडीचशे किलोमीटरांवर, दावणगेरे जिल्ह्यातील होदिगेरे या लहानशा गावात आहे.

शहराचे संस्थापक केंपेगौडा यांच्यापासूनच ही कथा सुरू होते. येलहंक नाडाच्या या नायकाने 1537 साली मातीची तटबंदी उभारून बंगळूरची पेठ वसवली. चिक्कपेठ, बळेपेठ, अरळेपेठ ही नावे आजही त्या रचनेची साक्ष देतात. केंपेगौडांचा मृत्यू 1569 सालचा मानला जातो. शहराच्या विमानतळाला, मुख्य बसस्थानकाला आणि हमरस्त्याला त्यांचे नाव आहे. पण त्यांची समाधी कोठे आहे, हे शहराला दीर्घकाळ माहीत नव्हते. मागडी तालुक्यातील केंपापूर या खेड्यातील एक जुनी दगडी वास्तू आणि तिच्यावरील कन्नड लेख 2015 साली प्रकाशात आला. लढाईहून परतताना हिरिय केंपेगौडा या ठिकाणी मरण पावले, असा त्या लेखाचा आशय आहे. गावकऱ्यांच्या रोजच्या वाटेवर असलेला हा दगड वाचला जायला साडेचार शतके लागली.

त्यांच्यानंतर सुमारे सात दशकांनी शहाजीराजे बंगळुरात आले. त्यांच्या येण्यामागचे कारण महाराष्ट्रातील राजकारणात होते. अहमदनगरची निजामशाही मोडकळीस आली असता शहाजीराजांनी 1633 साली पेमगिरी येथे निजामशाही घराण्यातील एका लहान मुलास गादीवर बसवले आणि त्याच्या नावाने कारभार हाती घेतला. मोगल आणि आदिलशहा या दोघांनाही हे परवडणारे नव्हते. 1636 साली शाहजहान आणि आदिलशहा यांच्यात तह झाला. माहुलीच्या किल्ल्यावर शहाजीराजांना शरण यावे लागले, निजामशाही संपली आणि ते विजापूरच्या चाकरीत गेले. दख्खनच्या सरहद्दीवर असा माणूस ठेवणे मोगलांना धोक्याचे वाटत होते. त्यामुळे त्यांचे कर्तृत्व दक्षिणेकडे, कर्नाटकाच्या मोहिमेकडे वळवण्यात आले. एका अर्थी शहाजीराजांचे बंगळुरात येणे ही सन्मानाने दिलेली हद्दपारी होती.

1638 साली रणदुल्लाखानाच्या नेतृत्वाखाली विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले. केंपेगौडांच्या वंशजांकडे मागडीचा मुलूख राहिला आणि बंगळूरची जहागीर शहाजीराजांकडे आली. पुढे कोलार, होसकोटे, दोड्डबळ्ळापूर, शिरे हा प्रदेशही त्यांच्या कारभाराखाली आला. चिक्कपेठेत त्यांचा गौरीमहाल होता, अशी परंपरा शहरात सांगितली जाते. जिजाबाई आणि बाल शिवाजी काही काळ बंगळुरात येऊन राहिले होते. शिवाजीराजे पुण्याकडे परतले, तेव्हा ते जेमतेम बारा वर्षांचे होते. राज्यकारभार जवळून पाहण्याची पहिली संधी त्यांना वडिलांच्या या दरबारात मिळाली, असे मानायला पुरेसा आधार आहे.

तो दरबार कसा होता, याचे चित्र जयराम पिंड्ये या कवीच्या ‘राधामाधवविलासचंपू’ या काव्यात उमटले आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 1922 साली विस्तृत प्रस्तावनेसह ते प्रसिद्ध केले. जयराम स्वतः बारा भाषा जाणणारा होता. शहाजीराजांच्या सभेत निरनिराळ्या भाषांतील कवी आपापल्या भाषेत रचना सादर करीत, असे त्याच्या काव्यावरून दिसते. संस्कृत, मराठी, कन्नड, हिंदुस्थानी अशा अनेक भाषा एका छताखाली नांदवणारे शहर म्हणून बंगळूरची जी ओळख आज सांगितली जाते, तिचा एक जुना पुरावा या मराठी सरदाराच्या दरबारात आहे.

मात्र हे स्थैर्य दिसते तेवढे पक्के नव्हते. जुलै 1648 मध्ये जिंजीच्या छावणीत शहाजीराजांना कैद झाली. त्याच सुमारास विजापूरच्या फौजा दोन्ही मुलांवर चालून गेल्या. फत्तेखानाने पुरंदरावर शिवाजीराजांशी लढाई दिली, तर फर्हादखान बंगळुरावर आला. तेथे थोरले पुत्र संभाजीराजे यांनी शहर राखले. दोन्ही भावांनी आपापली जागा लढवली. तरीही वडिलांच्या सुटकेसाठी 1649 साली शिवाजीराजांना कोंढाणा आणि संभाजीराजांना बंगळूरचा किल्ला सोडून द्यावा लागला. सिंहगड आणि बंगळूर ही दोन नावे एकाच सौद्यात आलेली इतिहासात क्वचितच कोणाच्या लक्षात राहतात. पुढे संभाजीराजे कनकगिरीच्या वेढ्यात मारले गेले. बंगळूर राखणारा हा पुत्रही बंगळुरापासून दूर पडला.

शहाजीराजांचा अंत 1664 साली झाला. बेदनूरच्या नायकांविरुद्धच्या मोहिमेच्या काळात ते तुंगभद्रेच्या परिसरात होते. होदिगेरेच्या रानात शिकारीच्या वेळी घोड्याचा पाय अडकला, घोडा कोसळला आणि राजे ठार झाले. ती तिथी माघ शुद्ध पंचमी, शके 1585, म्हणजे 23 जानेवारी 1664 ही होय. शिवाजीराजे त्या वेळी सुरतेची मोहीम आटोपून परतत होते. राजगडावर आल्यावर त्यांना वडिलांच्या मृत्यूची वार्ता कळली. जिजाबाईंनी सती जाण्याचे ठरवले होते आणि शिवाजीराजांनी मोठ्या कष्टाने त्यांना त्यापासून परावृत्त केले, असे बखरी सांगतात. पती बंगळुरास आणि पत्नी पुण्यास, असे ज्या दांपत्याचे बहुतेक आयुष्य गेले, त्यांच्या समाध्यांमधील अंतरही तितकेच राहिले. जिजाबाईंची समाधी रायगडाच्या पायथ्याशी पाचाड येथे आहे.

समाधी म्हणजे काय, हे येथे थोडे स्पष्ट करणे इष्ट ठरेल. भोसले घराण्यात दहनाची रीत होती. त्यामुळे या समाध्यांखाली कबरीप्रमाणे देह नसतो. जेथे दहन झाले, जेथे रक्षा ठेवली, त्या जागेवर चौथरा, छत्री किंवा वृंदावन बांधले जाते. मोहिमेवर मृत्यू आला, तर पार्थिव शेकडो कोस नेणे त्या काळी शक्य नसे. साहजिकच माणूस जेथे पडला, तेथेच त्याची समाधी झाली. लखुजी जाधवरावांसारखे अपवाद आहेत. त्यांची हत्या देवगिरीला झाली, तरी समाधी त्यांच्या सिंदखेडराजात आहे. पण भोसल्यांच्या पुढील तीन पिढ्यांच्या समाध्या नकाशावर मांडल्या, तर कर्नाटकातील होदिगेरे, रायगड, भीमाकाठचे वढू बुद्रुक आणि राजाराम महाराजांचा सिंहगड अशी रेघ उमटते. कोणाला कोठे मरण आले, यावरून त्या वेळी राज्याचे रणांगण कोठे होते, हे समजते. घराण्याच्या समाध्यांचा नकाशा हा त्याच्या राजकारणाचाच नकाशा असतो.

होदिगेरेची समाधी साधी आहे. तेथे घुमट नाही की कमानींची ओळ नाही. शेतशिवारात केलेले नेटके दगडी बांधकाम एवढेच तिचे रूप. चन्नगिरी तालुका 1997 पर्यंत शिमोगा जिल्ह्यात होता; त्या वर्षी दावणगेरे जिल्हा नव्याने झाला. जुन्या मराठी पुस्तकांत ‘शिमोगा जिल्हा’ असा पत्ता आढळतो, तो यामुळे. आज हे स्थळ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. महाराष्ट्रातून आणि कर्नाटकातील मराठा समाजातून लोक तेथे दर्शनास जातात. परंतु वर्षभर त्या जागेचा शेजार असतो तो कन्नड बोलणाऱ्या शेतकऱ्यांचा.

बंगळुरात भोसल्यांची आठवण वेगळ्या रूपात उरली. शहाजीराजांच्या पश्चात जहागीर धाकटे पुत्र व्यंकोजीराजे यांच्याकडे आली. कन्नड लेखांत त्यांचे नाव ‘एकोजी’ असे येते. 1669 सालच्या एका शिलालेखात त्यांनी मल्लपुराच्या मल्लिकार्जुन देवास मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याची नोंद आहे. हे मल्लपुर म्हणजे आजचे मल्लेश्वरम आणि तो देव म्हणजे काडू मल्लेश्वर. रोज संध्याकाळी त्या देवळात दिवा लावणाऱ्या कित्येकांना हे ठाऊक नसते, की देवाच्या या जुन्या इनामाचा दाता शिवाजी महाराजांचा सावत्र भाऊ होता. व्यंकोजींनी 1675-76च्या सुमारास तंजावर घेतले आणि घराण्याची ती शाखा तिकडे स्थिरावली. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरला आहे. सरफोजीराजांनी तो 1803 साली कोरवून घेतला.

शिवाजी महाराज आणि व्यंकोजी यांच्यातील वाटणीच्या वादातही बंगळूरचे नाव आहे. 1677च्या दक्षिण स्वारीनंतर झालेल्या समझोत्यात महाराजांनी बंगळूर, होसकोटे आणि शिरे हे महाल व्यंकोजींची पत्नी दीपाबाई यांना चोळीबांगडीसाठी दिले. ज्या शहराच्या नावाने आज जगभर व्यापार चालतो, ते एकेकाळी मराठी कुटुंबात दिराने भावजयीला दिलेली चोळीबांगडी होते. पण तंजावरहून इतक्या दूरचा मुलूख सांभाळणे भोसल्यांना जड जाऊ लागले. 1687 साली मोगल सरदार कासीमखानाने बंगळूर घेतले आणि ते 3 लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांकडे गेले. मराठी सत्ता गेली, मराठी माणसे मात्र राहिली. शिंपी, रंगारी, शेतकरी, शिपाई, हिशेबनीस अशा अनेक कुळांनी येथेच घरे केली. गवीपुरमचा गोसाई मठ आजही कर्नाटकातील मराठा समाजाचे श्रद्धास्थान आहे.

म्हैसूर राज्यात हैदरअलीला अठराव्या शतकाच्या मध्यास बंगळूरची जहागीर मिळाली. त्याने येथील मातीचा किल्ला दगडी केला आणि लालबागेची सुरुवात केली. 1782 साली चित्तूरजवळच्या छावणीत त्याचा मृत्यू झाला. त्याचे पार्थिव आधी कोलारला, वडिलांच्या कबरीजवळ ठेवले गेले आणि नंतर श्रीरंगपट्टणच्या गुंबजात नेण्यात आले. इंग्रज अमदानीत मार्क कबन 1834 पासून 1861 पर्यंत म्हैसूरचा कमिशनर होता. त्याच्या काळात बंगळूर हे राज्यकारभाराचे केंद्र म्हणून पक्के झाले. निवृत्त होऊन मायदेशी परतताना सुएझ येथे त्याचा अंत झाला आणि त्याला त्याच्या जन्मभूमीत, आइल ऑफ मॅन बेटावर मूठमाती मिळाली. बंगळुरात त्याच्या नावाचे उद्यान उरले.

केंपापूर, होदिगेरे, श्रीरंगपट्टण, आइल ऑफ मॅन: बंगळूरच्या चार धन्यांची ही चार विश्रांतिस्थाने. चौघांची भाषा वेगळी, काळ वेगळा. या शहरावर हुकूम चालवणाऱ्यांपैकी कोणालाही त्याने आपल्या मातीत कायमचे ठेवून घेतले नाही. शहराची मालकी बदलत गेली. लेखणी, सुई, नांगर आणि तागडी घेऊन आलेली साधी माणसे तेवढी टिकली.

समाधी बांधली गेली म्हणजे आठवण टिकली, असे होत नाही. खुद्द रायगडावरील शिवाजी महाराजांची समाधी एकोणिसाव्या शतकात झाडाझुडपांत दडली होती. 1869 साली महात्मा जोतीराव फुले यांनी ती शोधून तिची साफसफाई केली. 1895 पासून लोकमान्य टिळकांनी जीर्णोद्धारासाठी निधी उभारण्याची चळवळ केली आणि त्यानंतर तीस वर्षांनी ते काम पूर्णत्वास गेले. राज्य स्थापन करणाऱ्याच्या समाधीची ही अवस्था त्याच्याच मुलखात, त्याचीच भाषा बोलणाऱ्यांच्या मध्यात झाली होती. मग परमुलखातील होदिगेरेची समाधी साडेतीन शतके ओळखीची राहिली, हे विशेष मानले पाहिजे. त्याचे श्रेय राजसत्तेइतकेच त्या रानाच्या शेजाऱ्यांना आहे. त्यांच्या पिढ्यान् पिढ्यांना हे ठाऊक होते, की या चौथऱ्याखाली एका मोठ्या माणसाची राख आहे.

या गोष्टीला बंगळूरच्या मराठी कुटुंबांच्या दृष्टीने वेगळा अर्थ आहे. मराठी इतिहासाची पुस्तके पुण्यात आणि मुंबईत लिहिली गेली. त्यांत शहाजीराजांचा कर्नाटकातील काळ बहुधा दोन-चार पानांत आटोपतो. कन्नड इतिहासात तोच काळ केंपेगौडा आणि चिक्कदेवराज यांच्यामधला एक टप्पा म्हणून येतो. दोन्हीकडे पाने अपुरी राहतात, कारण अर्धी कागदपत्रे मोडीत आहेत आणि अर्धे शिलालेख कन्नडात. ‘राधामाधवविलासचंपू’वरील राजवाड्यांची प्रस्तावना वाचू शकणारा बहुधा काडू मल्लेश्वराच्या लेखापाशी अडतो, आणि तो लेख वाचणाऱ्यापर्यंत राजवाडे पोहोचलेले नसतात. दोन्ही लिप्या, दोन्ही भाषा सहजपणे हाताळणारी माणसे फार थोडी असतात. बंगळूरची मराठी शाळा नेमकी अशीच माणसे घडवत आली आहे. घरी आणि वर्गात मराठी, रस्त्यावर आणि अंगणात कन्नड, हा येथील मुलांचा रोजचा परिपाठ. तो कधी ओझे वाटतो, कधी पालकांना त्याची काळजी वाटते. परंतु या शहराचा सतराव्या शतकातला इतिहास लिहायचा असेल, तर पात्रता हीच लागते.

माघ शुद्ध पंचमी म्हणजे वसंत पंचमी, सरस्वतीपूजनाचा दिवस. शाळांमधून त्या दिवशी पाटीपूजन होते. तोच शहाजीराजांचा स्मृतिदिन आहे. बंगळूरहून पहाटे निघालेली बस तुमकूर, चित्रदुर्ग मार्गे दुपारपर्यंत चन्नगिरी तालुक्यात पोहोचते. त्या सहलीत मुलांना दाखवण्यासारखी इमारत फारशी नाही, हे खरे. परंतु तेथील कन्नड फलक वाचून दाखवणारा विद्यार्थी आणि त्या नावामागची मराठी बखर सांगणारा विद्यार्थी एकच असू शकतो. गावातील एखाद्या वडीलधाऱ्याला त्याच्या भाषेत नमस्कार करून, इतकी वर्षे ही जागा राखल्याबद्दल त्याचे आभारही तोच मानू शकतो. शहाजीराजांच्या बहुभाषिक दरबाराचा वारसा सांगायचा, तर तो होदिगेरेच्या त्या दगडासमोर दोन्ही भाषांत सांगावा लागेल.